घरच्या माणसानं वाईट केलं तर देवाजवळ त्याच्यासाठी कसं मागायचं

मागच्या कापसाच्या हंगामात एक दिवस सकाळी सकाळी माझ्या आईचा फोन आला अन् ती बोलेचना, नुसता श्वास ऐकू येऊन राहिला होता. मग म्हणे, "लहान्याच्या शर्टात काट्याची पावती सापडली वं, ४ क्विंटल ६० लिवलं हाये त्याच्यावर." मला आधी समजलंच नाही की यात रडण्यासारखं काय आहे. मग तिनं सांगितलं. आमच्या माहेरच्या गल्लीत एक मावशी आहे, सख्खी नाही पण सख्खीपेक्षा जास्त, विधवा बाई, दोन एकर कोरडवाहू. तिचा कापूस माझ्या लहान भावाच्या पिकअपमध्ये जिनिंगला गेला होता अन् भावानं तिला सांगितलं ३ क्विंटल ९० भरला, पैसेही तेवढ्याचेच हातात दिले. ७० किलोचा फरक, त्या दिवशीचा भाव ७००० धरला तर ४९०० रुपये. कोणी म्हणेल ४९०० मध्ये काय एवढं, पण मावशीनं तो कापूस कमरेला ओटी बांधून एकेक बोंड करत वेचला होता, अन् माझा भाऊ तिच्या अंगाखांद्यावर खेळलेला आहे.

असं घरोघरी काहीतरी असते. कोणाचा पोरगा बापाचा अंगठा घेऊन कर्ज उचलते, कोणाची सून सासूच्या पाटल्या गहाण ठेवते, कोणाचा नवरा पिऊन येऊन सगळ्या गल्लीला शिव्या देते. अन् आपण दिवा लावून देवापुढे बसतो तेव्हा काय मागावं हेच सुचत नाही, कारण माणूस आपला आहे अन् चूकही त्याचीच आहे, दोन्ही खरं. मी यातून जे शिकली ते लिहून ठेवते, कोणाच्या कामी पडलं तर पडो.

सगळ्यात पहिले, देवघरात जायच्या आधी नेमकं काय झालं ते माहीत करून घ्या. "त्याच्याकडून चूक झाली" एवढ्यावर प्रार्थना होत नाही, ती हवेत जाते. कोणाचं किती गेलं, कधी गेलं, खोटं काय बोलला, हे आकड्यासकट समजून घ्यायचं. आईनं ती पावती मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, धुण्यात भिजून मऊ पडलेला पातळ गुलाबी कागद, घडीवर शाई पसरलेली पण आकडा स्पष्ट. तो फोटो मी किती वेळा झूम करून पाहिला असेल, वाटे की ४ चा ३ दिसेल. नाही दिसला. तो दिसणार नाही हे मनानं मान्य केलं तेव्हाच मी देवापुढे बसू शकली.

अन् बसल्यावर मी काय केलं सांगू? वकिली केली. देवा, तो तसा नाही, त्याला संगत वाईट लागली, पिकअपचा हप्ता थकला असेल, बायकोचं दुखणं चालू आहे, बाबा गेल्यापासून त्याच्यावर कोणाचा धाकच नाही राहिला. पंधरा-वीस मिनिटं हेच. उठली तेव्हा मन आणखीनच जड झालं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी समजलं की मी देवाला पटवून राहिली आहे, जसं काही त्याला माहीतच नाही.

मग रुक्मिणी आठवली. आमच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर आहे, तेच तिचं माहेर, कार्तिकात आम्ही तिथं यात्रेला जातो, पण ही गोष्ट मी आयुष्यभर लग्नाची गोष्ट म्हणून ऐकली, बहीण-भावाची म्हणून कधी ऐकलीच नव्हती. तिचा मोठा भाऊ रुक्मी. त्यानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं, तिला ते नको होतं, तिनं कृष्णाला निरोप पाठवला अन् कृष्ण तिला घेऊन गेला. रुक्मीनं शपथ घेतली की कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे याच कौंडण्यपुरात, पाय ठेवणार नाही, अन् मागं धावला. लढाईत हरला. कृष्णानं तलवार उचलली तेव्हा रुक्मिणीनं त्याचे पाय धरले. भागवतात लिहिलंय, तिचं अंग थरथर कापत होतं, तोंडाला कोरड पडली होती, गळा दाटून आला होता, गळ्यातली सोन्याची माळ सरकली होती. अन् ती बोलली काय? तू देवांचा देव आहेस, माझ्या भावाला मारू नको. बस. तो चांगला आहे म्हणाली नाही. शिशुपालानं त्याला भरीस घातलं म्हणाली नाही. फक्त एवढंच, की हा माझा भाऊ आहे.

माझ्या मते मागायची रीत हीच. चूक आहे तेवढी पूर्ण सांगायची, अन् आपलं नातं सांगायचं. मधे सारवासारव नको. आपल्याकडे पदर पसरणं म्हणतात ना, पसरलेला पदर रिकामा असतो, त्यात आपण त्याच्या चांगुलपणाचे दाखले घेऊन जात नाही.

मी शेवटी जे शब्द धरले ते असे होते, घरच्या बोलीतच, कारण पोथीच्या भाषेत खोटं बोलणं सोपं जाते असं मला वाटते: "देवा, मावशीच्या कापसाचे ४९०० रुपये गेले. ते तिच्या कष्टाचे होते. ते माह्या भावानं घेतले अन् तिले खोटं सांगितलं. तिचं भरून निघू दे. तो माहा भाऊ हाये म्हणून मी आली. त्याचा हात सोडू नको. त्याची ही बुद्धी काढ. अन् माह्या मनात त्याच्याबद्दल जे इख हाये ते तू घे." एवढंच. दोन मिनिटंही लागत नाहीत.

यात मावशीचं नाव आधी येते ते मुद्दाम आहे. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासाठी आधी मागायचं, आपल्या माणसासाठी नंतर. सुरुवातीला मी उलटं करत होती अन् मावशी कधी कधी राहूनच जात होती, म्हणजे जिचं गेलं तिलाच मी देवापुढे विसरून जात होती. क्रम बदलला तसा प्रार्थनेचा सूरच बदलला.

काय मागायचं अन् काय नाही, इथं नीट विचार करा. "केस सुटू दे", "कोणाला माहीत पडू नको देऊ", "साक्षीदार फिरू दे" हे मागणं म्हणजे देवाला आपल्या माणसाच्या चोरीत सामील करून घेणं झालं. रुक्मिणीच्या विनवणीवर कृष्णानं रुक्मीला मारलं नाही, पण त्याला त्याच्याच कपड्यानं बांधून डोक्याचे केस अन् मिशा अर्धवट भादरून टाकल्या, मग बलरामानं येऊन त्याला सोडवलं. म्हणजे जीव वाचला, शिक्षा टळली नाही. घरच्या माणसाला पोलिसांनी नेलं असेल तर तो खरं बोलो, त्याला तिथं कोणी मारो-झोडो नको, त्याचं मन तुटू नको, हे जरूर मागा. वकील करणं प्रार्थनेच्या विरोधात नाही, पैसे नसतील तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, पात्र माणसाला तिथून फुकट वकील मिळतो. पण त्याचं केलेलं न केलेलं होऊ दे असं मागू नका.

पसायदान आपण सगळ्यांनी शाळेत म्हटलं आहे, हात जोडून, डोळे मिटून, अर्थ न समजता. १२९० साली माउलींनी त्यात मागितलं की खळांची व्यंकटी सांडो. खळ मरो असं नाही, खळ सुटो असंही नाही. व्यंकटी म्हणजे वाकडेपणा, तो गळून पडो, अन् लगेच पुढं, त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो. आपल्याकडे वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, दगडाला लागून वाकडी झाली तर आपण ती फेकत नाही अन् वाकडीच जुंपतही नाही, लोहाराकडे नेतो, तो तापवतो, ठोकतो, सरळ करतो. मी भावाचं नाव घेते तेव्हा मला ती पासच दिसते. तापवल्याशिवाय सरळ होणार नाही, हे मला माहीत आहे अन् तरी मी नेते.

रागाचं काय करायचं, हा मोठाच विषय आहे. पहिले आठ दिवस मला त्याचं नाव घेतलं की दातच आवळले जायचे. ज्याच्यावर संताप आहे त्याच्यासाठी मागणं म्हणजे नाटक वाटते. तर नाटक नका करू. देवाला सांगा की आज माझ्याकडून होत नाही, फक्त नाव घेते. मी तेच केलं, अन् मोठेपणीचं नाव तोंडात येईना म्हणून त्याचं पाळण्यातलं नाव घ्यायची. तो सहा वर्षांचा असताना मावशीच्याच अंगणातल्या बोरीवरून पडला होता, मावशीनं त्याच्या गुडघ्यात हळद भरली होती, तो रडत रडत तिचाच पदर चावत होता. ते आठवलं तेव्हा राग गेला असं नाही, पण रागाच्या खाली दुःख होतं ते दिसलं, अन् दुःख असलं की मागता येते.

आता वेळ-जागेचं. एक वेळ धरा, दिवेलागणीची असो की पहाटेची, पण रोजची एकच. मी सासरी राहते, सासूबाईंना हे सगळं सांगायचं नव्हतं, म्हणून तुळशीजवळ दिवा लावताना तेवढ्या दोन मिनिटांत उरकायची, कोणाला समजलंही नाही. गावात गुरुदेव सेवा मंडळ असेल तर संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेत जाऊन बसा, आमच्या भागात तुकडोजी महाराजांमुळे ती रीत गावोगाव आहे, मोझरीचा आश्रम १९३५ चा. एकट्यानं बसलं की डोकं त्याच त्याच गोष्टीवर फिरते, चार लोकांत बसलं की आवाजाला आवाज लागतो अन् मन थोडं सैल होते. पण तिथं नाव सांगू नका. गावात कान फार असतात. कोणी विचारलंच तर "घरच्या एका माणसासाठी" एवढं पुरे. आश्विनात महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीत ४ वाजून ५८ मिनिटांनी अख्खा जनसमुदाय मौन उभा राहतो, त्या शांततेत तुमच्या माणसाचं नाव मनात घ्या, तेही एक सांगणंच आहे.

पारायण करायचं असेल तर करा, शेगावच्या महाराजांच्या पोथीचे २१ अध्याय आहेत, कोणी एका दिवसात वाचते, कोणी रोज एक. फक्त संकल्प सोडताना वरच्यासारखाच खरा सोडा.

नवसाबद्दल माझं मत जरा कडक आहे. बकरं बोलायचं, गावजेवण बोलायचं, त्यासाठी पुन्हा उसनवारी करायची, हे नको. गाडगेबाबांनी आपल्याच भागात जन्मभर कीर्तनातून हेच सांगितलं, देवापुढे मुकं जनावर मारू नका, कर्ज काढून सण करू नका. ज्यानं दुसऱ्याचे पैसे खाल्ले त्याच्यासाठी तिसऱ्याचे पैसे घेऊन नवस फेडणं मला तर पटत नाही. नवसच बोलायचा तर तो ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात फेडला जाईल असा बोला. आईनं बोलला होता, की हे निस्तरलं तर पुढच्या हंगामात मावशीचा एक वेचा मी मजुरी न घेता करून देईन.

अन् एक गोष्ट हात जोडून सांगते. कोणी म्हणालं की तुमच्या पोरावर करणी झाली, अमक्या बाईनं काहीतरी खाऊ घातलं, म्हणून तो असा वागला, तर तिथून उठून या. आपल्या माणसाची चूक दुसऱ्या बाईच्या माथी मारणं हे पहिल्या चुकीवर दुसरं पाप आहे, अन् आपल्या गावांत अशा बोटामुळे बायांचे हाल झालेले आहेत. २०१३ पासून महाराष्ट्रात याविरुद्ध कायदाही आहे.

मारझोड होत असेल तर गोष्ट वेगळी. नवरा बायकोला मारते, मुलगा म्हाताऱ्या आईला मारते, तर आधी तिला तिथून बाहेर काढा, ११२ ला फोन करा, बायांसाठी १८१ आहे, लेकरांसाठी १०९८. ती सुरक्षित झाल्यावर मग त्याच्यासाठी मागा. तिला "तू सोस, आम्ही प्रार्थना करून राहिलो" असं कधीच सांगू नका.

सगळेच देवाला मागत नाहीत हेही मला माहीत आहे. आमच्या शेजारचं घर बौद्ध आहे, तिथल्या ताई मागणं करत नाहीत, पण वंदना झाल्यावर ज्याच्याशी बिनसलं त्याच्यासाठी मनात मंगल मैत्री, म्हणजे त्याचं भलं होवो ही भावना, धरतात. मी त्यांना एकदा विचारलं रागावलेल्या माणसाला मैत्री कशी देता हो, तर म्हणाल्या, पहिले स्वतःला देते, उरली की त्याले.

आता ज्याचं नुकसान झालं त्याच्याकडे जायचं की नाही? जायचं. देवाजवळ सांगितलं अन् मावशीजवळ लपवलं तर ते सांगणं कसलं. मी माहेरी गेली, आई अन् मी पावती घेऊन मावशीकडे गेलो. ती ओसरीवर तूर पाखडत होती. आईनं कागद पुढं केला अन् तिच्या तोंडून शब्द फुटेना. मावशीनं कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "मले माईत होतं वं बाई. गाठोडे म्या बांधले होते, मले हाताले वजन समजते." अन् सूप हलवतच राहिली. आईनं पदराच्या गाठीतले पैसे काढले, पूर्ण ४९०० आणले होते तिनं, कुठून आणले देव जाणे. मावशी म्हणाली, "ठेव ते. त्याच्या हातानं येऊ दे." त्या दिवशी घरी येऊन मी प्रार्थनेत एक ओळ वाढवली, त्याच्या हातानं येऊ दे.

भावाला यातलं काय सांगायचं? पावती सापडली हे आईनं त्याला सांगितलं, एकदाच, आवाज न चढवता. तो काही बोलला नाही, ताटावरून उठून गेला. पण मी तुझ्यासाठी देवाजवळ रडते हे मी त्याला सांगितलं नाही, अन् तुम्हीही सांगू नका. ते ऐकायला प्रेमाचं वाटते पण लागते टोमण्यासारखं. फॅमिली ग्रुपवर सुविचार टाकून त्याला टोचणं, त्याला दिसावं म्हणून स्टेटस ठेवणं, हे तर अजिबात नको, मी एक टाकला होता अन् दहा मिनिटांत डिलीट केला, तोवर त्यानं पाहिला होता. नंतर महिनाभर त्यानं माझा फोन उचलला नाही.

किती दिवस करायचं, याला हिशोब नाही. अन् असंही होऊ शकते की तो बदलणारच नाही. रुक्मीचंच घ्या. शपथ मोडायची नाही म्हणून तो कुंडिनपुरात गेलाच नाही, भोजकट वसवून तिथंच राहिला, आपल्याकडे भातकुलीलाच भोजकट मानतात. पुढं नातीच्या लग्नात बलरामाशी द्यूत खेळायला बसला, हरलेला डाव जिंकला म्हणून खोटं बोलला, अन् त्यातच बलरामाच्या हातून मेला. बहिणीनं पाय धरून मागितलेले दिवस त्यानं असे घालवले. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस माझं मन लागेना. मग वाटलं, रुक्मिणीला हे आधी माहीत असतं तर तिनं पाय धरले नसते का? धरलेच असते. मीही रोजचा दिवा बंद केला नाही.

यंदा राखीला भाऊ आला. येईल असं वाटलं नव्हतं. राखी बांधून घेतली, मान वर करत नव्हता, अन् ओवाळणीच्या ताटात ५०० च्या चार नोटा ठेवल्या. मी म्हटलं एवढे कशाला. तर म्हणाला, "हे मावशीचे हायेत. तू देऊन देजो ताई. बाकीचे दिवाळीच्या कापसावर देतो."

मला घ्यावेसे वाटले. खरंच सांगते, हात पुढं गेला होता. मग त्या नोटा उचलून मी त्याच्याच खिशात परत ठेवल्या अन् म्हटलं, "देवाजवळ मी जाईन तुह्यासाठी. मावशीजवळ तूच जाय." तो बराच वेळ राखीच्या दोऱ्याशी चाळा करत बसला. जेवला नाही, शेवयाची खीर अर्धी ठेवली, अन् निघाला.

संध्याकाळी आईचा फोन आला. पिकअप मावशीच्या दारासमोर उभी आहे म्हणे, अर्ध्या तासापासून, तो अजून आतच आहे.